लिनक्स, विंडोज की मॅक: सतत चालणारी स्क्रिप्ट कुठे बसवावी?

वागळे इस्टेट किंवा महापे एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसात हा प्रश्न हमखास निघतो. बिलांच्या फाइल्स उचलून सर्व्हरवर टाकणारी पायथन स्क्रिप्ट आहे, ती कुठल्या मशीनवर चालू ठेवायची? मी वेग बघत नाही. शनिवारी रात्री लाइट गेली, पहाटे आली, सोमवारपर्यंत ऑफिसला कुलूप. मग काम आपोआप सुरू होतं का, एवढंच बघतो. (वीज परतल्यावर मशीन स्वतःहून चालू होण्याची सेटिंग आधी लावा. ती नसेल तर पुढचं सगळं फुकट.)

या कसोटीवर लिनक्स सरस. सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस (मागे सतत चालणारे प्रोग्राम) सांभाळणारा प्रोग्राम. त्याची दहा-बारा ओळींची युनिट फाइल, म्हणजे सूचनांची फाइल, लिहायची, त्यात ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ टाकायचं (पडली तर पुन्हा उठव), सर्व्हिस एनेबल करायची, म्हणजे मशीनबरोबर ती आपोआप सुरू होते. लॉग, म्हणजे कामाची नोंद, जर्नलसीटीएल या कमांडने एका जागी मिळतो. मेख एकच: पडलेली सर्व्हिस सिस्टमडी 100 मिलिसेकंदांत पुन्हा उठवतो आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊनही टिकली नाही तर नाद सोडतो. लाइट आल्यावर राउटर सावकाश उठतो, तोवर स्क्रिप्टचे पाचही प्रयत्न संपलेले असतात. म्हणून ‘रीस्टार्टसेक=30’ लिहाच, म्हणजे दर प्रयत्नाआधी तो 30 सेकंद थांबतो.

विंडोजवर जरा उठाठेव आहे. साधी स्क्रिप्ट थेट सर्व्हिस होत नाही. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला (विंडोजचा सर्व्हिस सुरू-बंद करणारा भाग) 30 सेकंदांत उत्तर मिळालं नाही की 1053 एरर येते. एनएसएसएमसारखं टूल (कुठलाही प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवणारं) मध्ये घातलं की हे सुटतं, पडलेली स्क्रिप्टही तेच उठवतं. खरा घोळ ड्राइव्हचा. तुम्हाला दिसणारा झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरला दिलेलं अक्षर) तुमच्या लॉगिनपुरता असतो, सर्व्हिसला तो दिसत नाही. शेअरचा पूर्ण पाथ द्या आणि हक्क असलेल्या अकाउंटवर सर्व्हिस चालवा. शिवाय व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या सेशनमध्ये चालते. स्क्रिप्टने ‘ओके’ची खिडकी उघडली तर ती कोणालाच दिसत नाही आणि काम तिथेच अडकतं. रात्री एकदाच चालवायचं असेल तर सर्व्हिसच्या भानगडीत पडू नका, ठरल्या वेळी काम चालवणारा विंडोजचाच टास्क शेड्युलर पुरतो.

तरीही बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर असेल तर स्क्रिप्ट तिथेच ठेवा. दोन मशीनमध्ये फाइल्स नाचवण्यापेक्षा एनएसएसएम परवडला. तसं बंधन नसेल तर जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाका.

मॅक मुद्दाम घेऊ नका. सिस्टमडीचं काम तिथे लॉन्चडी करतो. तो 2005 पासून आहे, चांगला आहे, पण त्याची प्लिस्ट (सूचनांची फाइल) लॉन्चएजंट्स फोल्डरमध्ये ठेवली तर स्क्रिप्ट लॉगिनशिवाय सुरू होत नाही, ती फाइल लॉन्चडीमन्स फोल्डरमध्ये हवी. त्यात फाइलव्हॉल्ट (डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर पासवर्ड टाकेपर्यंत डीमनही, म्हणजे तिथली सर्व्हिसही, थांबतो, आणि रविवारी पासवर्ड टाकायला कोण येणार?