ब्रुशेटासाठी ब्रेड: घरी भाजावा की बेकरीतून आणावा?

जुळे सोलापुरातल्या मावशींना नातवंडांसाठी ब्रुशेटा, म्हणजे भाजलेल्या ब्रेडवर लसूण चोळून टोमॅटो घालतात तो इटालियन पदार्थ, करायचाय. ब्रेड घरचा की विकतचा, एवढंच अडलंय.

खर्चात बेकरीचाच परवडतो. घरी 500 ग्रॅम मैदा, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ओरेगॅनो आणि रोजमेरी लागतात, शिवाय ओव्हन अर्धा तास 200 अंशांवर चालतो.

कष्टही घरीच जास्त: मळणं, दोनदा फुगवणं. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पीठ झपाट्याने फुगतं. थंड पाण्यात मळा आणि घड्याळापेक्षा पिठाकडे बघा, नाहीतर आंबूस वास येतो.

खरा फरक टोमॅटो वर पडल्यावर कळतो. मऊ, गोडसर सँडविच ब्रेड लगेच लिबलिबीत होतो. घरचा जाड कवचाचा ब्रेड तव्यावर खरपूस भाजून, वर लसूण चोळला की छान तग धरतो. टोमॅटो मात्र मीठ लावून दहा मिनिटं निथळायलाच हवेत. आणि मावशी, वर बेसिलच्या (इटालियन पदार्थांतल्या तुळशीच्या) जागी अंगणातली तुळस घालू नका, उग्र लागते. सब्ज्याच्या रोपाची पानं चालतील, ते बेसिलच.

पाहुणे अचानक आले तर बेकरीतला गोड नसलेला, लांबडा ब्रेड घ्या. सुट्टी असेल आणि ओव्हन हाताशी असेल तर घरचाच करा. उरलेला दुसऱ्या दिवशी सूपाबरोबर संपतो.