कयाकचं सामान: दोन सीझन वापरल्यावर काय टिकलं, काय परत केलं

ऑक्टोबर ते मे असे दोन सीझन झाले, पानशेत आणि पवना दोन्हीकडच्या बॅकवॉटरला बऱ्याच चकरा झाल्यात, त्यामुळे आता सामानाबद्दल लिहायला हरकत नाही. मी आणि दादा जातो, कधी भाची पण असते, ती अकरा वर्षांची आहे. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, फुगवायचं घेतलंय, दोन सीटचं, कारण सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहून दहा फुटी प्लॅस्टिकचं कयाक ठेवणार कुठे, आणि गाडीवर कॅरिअर पण नाही. बोट चांगली आहे, तक्रार नाही, पण बोटीवर पैसे घालवून बाकीचं सामान मिळेल ते स्वस्तातलं उचललं ही आमची चूक झाली, आणि तुम्ही तीच करू नका म्हणून हे एवढं लिहितेय.

लाइफ जॅकेटचंच बघा. पहिली दोन ऑनलाइन मागवली होती, ती नारिंगी, पुढे-मागे फोमचे जाड ठोकळे आणि साइज म्हणून फक्त 'फ्री साइज' लिहिलेलं. पहिल्याच दिवशी काठाजवळ खांद्याएवढ्या पाण्यात उतरून बघितलं आणि बरं झालं बघितलं, पाय सोडले तसं जॅकेट सरकत सरकत कानापर्यंत वर आलं आणि हनुवटी त्यात अडकली, बकल सगळे लावलेले असून. दादा शेजारी उभा होता म्हणून घाबरले नाही, खोल पाण्यात असते तर वेगळंच झालं असतं. शिवाय कयाकमध्ये बसलं की मागचा ठोकळा सीटच्या पाठीवर टेकतो आणि जॅकेट आधीच वर ढकललं जातं, म्हणजे पाण्यात पडायच्या आधीच ते जागेवर नसतं.

नवीन जॅकेट मात्र पुण्याबाहेरच्या एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात जाऊन, घालून बघून घेतलं. तिथल्या मुलाने मला चक्क जमिनीवर बसवलं, पाय लांब करून, कयाकमध्ये बसतो तसं, आधी सगळ्यात खालचा पट्टा घट्ट करायला लावला मग वरचे, आणि दादाला म्हणाला आता मागून खांद्याला धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर साइज चुकली. मला वाटलं होतं एम बसेल, तो आला हनुवटीला, एस बसला. लेबलवर वजन आणि छातीचं माप दोन्ही असतं, दोन्ही जुळायला हवं. कयाकचं जॅकेट कमरेला आखूड आणि काखेत मोकळं असतं, ते वल्हं मारताना घासत नाही, तासाभराने फरक कळतो.

अजून एक, जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलतं ते लेबलवर न्यूटनमध्ये असतं, तिथे 50 न्यूटन लिहिलेलं बघून मी विचारलं की हे तर पाचेक किलोच उचलणार, माझं वजन साठच्या वर. तर माणसाचं शरीर बरंचसं आपलं आपणच तरंगतं, डोकं वर राहायला थोडाच आधार लागतो, म्हणून तेवढं पुरतं. पण 50 वालं फक्त ज्याला पोहता येतं आणि जो काठाजवळ आहे त्याच्यासाठी, माणूस बेशुद्ध पडला तर ते त्याला उलटून तोंड वर करेल असं धरून चालू नका. पोहता येत नसेल किंवा लहान मुलं असतील तर 100 न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं घ्या. भाचीला तेच घेतलं, दोन पायांमधून जाणारा पट्टा पण आहे, मुलांच्या जॅकेटला तो हवाच कारण त्यांना कंबर नसते, जॅकेट डोक्यावरून निघून येतं. दुकानाबद्दल एकच तक्रार, लहान मुलांचे साइज दोनदा जाऊनही नव्हते, तिसऱ्यांदा मिळाला.

वल्ह्याची लांबी कयाकच्या रुंदीवर पण ठरते हे मला माहीतच नव्हतं, मी फक्त उंची बघत होते. फुगवायचं कयाक रुंद असतं, आमचं 90 सेंमीच्या आसपास, त्याला 210 सेंमीचं वल्हं घेतलं तर बोटांची पेरं साइडच्या ट्यूबवर आपटत होती आणि पाणी सगळं मांडीवर. बिल जपून ठेवलं होतं म्हणून बदलून मिळालं, आता 230 चं आहे आणि पाठ दुखायची थांबली. अॅल्युमिनियमच्या दांड्याचं आहे, किलोभर वजन, रोज जाणाऱ्याने फायबरग्लासचं घ्यावं कारण हातात तासन् तास तेच असतं. मधला जोड मात्र दर वेळी साध्या पाण्याने धुवा, वाळू बसली की दोन तुकडे सुटत नाहीत, आम्ही एकदा पार्किंगमध्ये अर्धा तास ओढत बसलो होतो.

ड्राय बॅग, म्हणजे आत पाणी न जाणारी पिशवी, 10 लिटरची पुरते, तोंड कमीत कमी तीन वेळा गुंडाळायचं आणि आत थोडी हवा ठेवायची म्हणजे पाण्यात पडली तरी तरंगते. मोबाइल वेगळ्या पाऊचमध्ये. चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल घ्या, मे महिन्यात पाणी मागे गेलं की काठाला गुडघाभर गाळ असतो आणि चप्पल तिथेच राहते. शिट्टी जॅकेटला बांधलेली असू दे, आत गोळी नसलेली, कारण गोळीवाली ओली झाली की नीट वाजेलच असं नाही.

पंपाला हवेचा दाब दाखवणारं मीटर आहे का बघून घ्या. सकाळी थंडीत कयाक टम्म फुगवून उन्हात काठावर ठेवलं तर आतली हवा फुगते आणि शिवणीवर ताण येतो, जेवायला थांबलो की आम्ही थोडी हवा सोडतो. आणि उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो, फुगवायचं कयाक हलकं आणि पाण्यावर उंच असल्यामुळे ते वाऱ्याबरोबर जातं, खालचं फिन, म्हणजे बोट सरळ ठेवणारं पातं, लावलेलं नसेल तर नाक गोल गोल फिरत राहतं. आम्ही सातला उतरतो, आधी वाऱ्याच्या विरुद्ध जातो, अकराच्या आत बाहेर. पावसाळ्यात विसर्ग चालू असतो तेव्हा अजिबात नाही, आणि एरवीही जिथून उतरतो तिथे परवानगी विचारूनच.

भाचीचं जॅकेट या वर्षी छातीला घट्ट व्हायला लागलंय, ऑक्टोबरच्या आत पुढचा साइज बघायचाय. 40 किलोच्या पुढचं, 100 न्यूटनचं, पायांमधला पट्टा असलेलं कुणाला पुण्यात दुकानात दिसलं तर प्लीज सांगा, ऑनलाइन मी परत घेणार नाही.