घरासाठी वायफाय लेझर प्रिंटर: ब्रदर बी७५३५डीडब्ल्यू नागपूरच्या घरात कसा निवडावा, कसा बसवावा

महिन्याला वीस-पंचवीस पानं छापणाऱ्या नागपूरच्या घरात इंकजेट घेऊ नये. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत शाई नोझलमध्येच सुकते आणि जूनमध्ये शाळेच्या फॉर्मसाठी प्रिंटर सुरू केला की पानभर पांढऱ्या रेघा उमटतात. लेझरमध्ये पूड असते. तीन महिने हात लावला नाही तरी पहिलं पान स्वच्छ येतं. रंगीत फोटो छापायचे नसतील तर काळा-पांढरा लेझरच घ्या.

बर्डीच्या बाजारात दुकानदार अजूनही कॅनन एलबीपी२९००बी पुढे करतात. मशीन दणकट आहे, रिफिलिंग कुठेही होतं, पण त्यात वायफाय नाही, फक्त यूएसबी. मोबाइलवरून छापणाऱ्या घराला त्याचा उपयोग नाही. त्याच कंपनीचा एलबीपी६०३०डब्ल्यू छोटा आहे, वायफाय आहे, मिनिटाला १८ पानं काढतो. मात्र पाठपोट छापायला पानं हातानं उलटी करून पुन्हा घालावी लागतात. प्रकल्प अहवाल किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्स छापणाऱ्यांना हे चार दिवसांत नकोसं होतं.

म्हणून आमची पसंती ब्रदर डीसीपी-बी७५३५डीडब्ल्यूला. आपोआप पाठपोट छपाई, वायफाय, स्कॅनर, आणि आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेणारी आयडी कॉपी. या शेवटच्या सोयीमुळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. मोठा फायदा मात्र आत आहे: टोनर (पुडीची डबी) आणि ड्रम (पूड कागदावर उमटवणारी नळी) वेगवेगळे आहेत. टोनर सुमारे २,६०० पानांचा, ड्रम सुमारे १२,००० पानांचा. बऱ्याच छोट्या प्रिंटरमध्ये दोन्ही एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, त्यामुळे पूड संपली की चांगला ड्रमही फेकावा लागतो. दुकानात खोक्याची किंमत विचारण्याआधी टोनरची विचारा आणि तिला पानांनी भागा. ही पानसंख्या साधारण पाच टक्के पान काळं होतं असं धरून काढलेली असते. तक्ते आणि दाट मजकूर असेल तर पानं कमी निघतील. रिफिलिंगच्या भरवशावर असाल तर चिप असलेल्या कार्ट्रिजबद्दल आधी खात्री करून घ्या. एचपीच्या काही मॉडेलांत दुसऱ्या कंपनीची चिप फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरमधलं सॉफ्टवेअरच, अडवतं.

बसवताना सगळ्या चिकटपट्ट्या काढा. ड्रम-टोनरचा जोड बाहेर काढून आडवा धरा, पाच-सहा वेळा हळूच डावी-उजवीकडे हलवा, मग परत बसवा. हे टाळलं तर पहिली पानं एका बाजूला फिकी येतात.

वायफायची गफलत जवळजवळ नेहमी एकच असते. हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. फायबरवाल्यांच्या राउटरवर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं, तिथे जोडणी अडखळते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन नावं वेगळी करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा, आणि प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर टाकू नका. तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. मग प्रिंटरच्या मेनूत नेटवर्क, त्यात डब्ल्यूलॅन (म्हणजे वायफाय), त्यात सेटअप विझार्ड किंवा फाइंड नेटवर्क. पासवर्डातलं लहान-मोठं अक्षर जपून टाका. जोडणी फसली तर प्रिंटरचा डब्ल्यूलॅन रिपोर्ट पाहा. टीएस-०२ म्हणजे राउटर सापडला नाही: लांब आहे, बंद आहे, किंवा ५ गिगाहर्ट्झवर आहे. टीएस-०४ म्हणजे सुरक्षा-पद्धत जुळली नाही. टीएस-०५ म्हणजे नेटवर्कचं नाव किंवा पासवर्ड चुकला.

जोडणी झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मिळू शकतो, आणि विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणू लागतं. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असतं. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ॲड पोर्ट असं जाऊन डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा आणि तोच पत्ता द्या.

मराठी मजकुराची एक अडचण वेगळीच. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल मोबाइलवरून छापली तर पानावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो, कारण फोनमध्ये तो फॉन्ट नसतो. दोष प्रिंटरचा नाही. ज्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे तिथेच पीडीएफ करा आणि ती पाठवा.

आता जागा. प्रिंटर कूलरच्या झोताखाली अजिबात ठेवू नका. ओल्या ताट्यांतून येणारी हवा कागद ओलसर करते. ओल्या कागदावर पूड नीट ओढली जात नाही, म्हणून छपाई फिकी येते. शिवाय फ्यूजरची (पूड तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाची) उष्णता पाणी वाळवण्यात जाते, म्हणून अक्षरं बोटानं पुसली जातात. पान कुरळं होऊन अडकतं ते वेगळंच. ट्रेमध्ये तीस-चाळीस पानंच ठेवा, बाकी रिम वेष्टनात बंद राहू द्या. पावसाळ्यातही हेच. दुसरीकडे, या प्रिंटरची कामाची मर्यादा १० ते ३२ अंश. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बंद खोलीचं तापमान त्याच्या वर जातं, म्हणून मोठी छपाई सकाळी उरका. मधेच ‘कूलिंग डाउन’ असा संदेश येऊन छपाई थांबली तर बंद करू नका, आतला पंखा फिरू द्या.

लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर छापू नका. फ्यूजर तापताना क्षणभर हजार वॅटच्या घरात वीज ओढतो. छोटा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. प्रिंटर थेट भिंतीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा.

काही महिन्यांनी पानावर उभी काळी रेघ दिसू लागली तर लगेच नवा ड्रम घेऊ नका. पुढचं झाकण उघडून ड्रम काढा, त्यावरची हिरवी खिट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा सरकवा. आतली कोरोना तार साफ होते आणि रेघ बहुतेकदा जाते. खिट्टी बाणाच्या खुणेवर परत आणायला विसरलात तर मात्र प्रत्येक पानावर उभा पट्टा येईल.