पहिला 'नाऊ': काही महिने गाडीत वाजवल्यानंतर

'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' या हिट गाण्यांच्या संग्रहांच्या मालिकेचे ब्रिटनमध्ये शंभराहून जास्त भाग निघालेत. मी घेतला तो सगळ्यात पहिला. मूळ डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्यांचा संच, २८ नोव्हेंबर १९८३ ला आली होती. माझ्याकडची नंतर पुन्हा काढलेली दोन सीडींची आवृत्ती आहे. लेस्टरमध्ये कामावर जाता-येता बहुतेक हीच चालू असते, कारण माझ्या म्हाताऱ्या गाडीला फोन जोडायची सोय नाही.

निकाल आधीच सांगून टाकते. तीस गाण्यांतली निम्मी झकास, बरीचशी चालून जाणारी आणि दोन-तीन अशी की सिग्नलला थांबले की हात आपोआप बटणाकडे जातो. एवढी सरासरी एखाद्या गायकाच्या 'बेस्ट ऑफ'मध्येही सहज मिळत नाही.

त्या काळी हे नवीन का होतं, ते थोडं सांगायला हवं. हिट गाण्यांचे संग्रह आधीही निघत. के-टेलसारख्या कंपन्या एकाच तबकडीवर वीस-वीस गाणी कोंबत आणि जागा पुरावी म्हणून ती मध्येच कापत. दुसरा स्वस्त प्रकार म्हणजे निनावी गायकांकडून गाणी पुन्हा गाऊन घेऊन विकणं. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात 'व्हर्जन'चा धंदा चालायचा, तसंच. 'नाऊ'साठी मात्र व्हर्जिन आणि ईएमआय या खुद्द रेकॉर्ड काढणाऱ्या मालक कंपन्याच एकत्र आल्या. मूळ गायक, मूळ रेकॉर्डिंग, आणि तीसपैकी अकरा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. नावाची कथा तर फारच गमतीची. डॅनिश बेकनच्या एका जुन्या जाहिरातीत गाणाऱ्या कोंबडीकडे कान लावून बसलेलं डुक्कर हेच नावातलं वाक्य म्हणतं. व्हर्जिनचा संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सनने ते पोस्टर व्हर्जिनमधल्या आपल्या चुलतभावासाठी, सायमन ड्रेपरसाठी, विकत आणून त्याच्या टेबलामागे लावलं होतं. मालिकेचं नाव तिथून उचललं.

आता खरी मजा. पहिले काही आठवडे मी नुसती गाणी ऐकत होते. हळूहळू लक्षात आलं की या दोन सीडींवर भाऊबंदकी भरून राहिली आहे. काजागूगूचं 'टू शाय' आहे, त्यात गायक लिमाल. मग त्याच वर्षी त्याला बँडमधून काढल्यावर त्याच्याविना केलेलं काजागूगूचं 'बिग ॲपल' आहे. आणि लिमालचं स्वतःचं 'ओन्ली फॉर लव्ह'ही आहे! म्हणजे वादी, प्रतिवादी आणि भांडणाआधीचा फोटो, सगळे एकाच खोक्यात. (कौल द्यायचा तर 'टू शाय'ला. वेगळे झाल्यावर दोघांचंही काही जमलेलं नाही.) शेफिल्डच्या ह्यूमन लीगमधून १९८० मध्ये दोघे बाहेर पडले आणि त्यांनी हेवन सेवन्टीन काढला, इथे दोन्ही बँड आहेत. आणि त्या फुटलेल्यांपैकी मार्टिन वेअर हा टीना टर्नरच्या 'लेट्स स्टे टुगेदर'चा एक निर्माता आहे. बाईंची मोठी पुनरागमनाची वाट या गाण्यापासून सुरू झाली. हेवन सेवन्टीनचं 'टेम्प्टेशन' आणि हे गाणं पाठोपाठ लावून बघा, सिंथेसायझरमागची तीच पोलादी शिस्त ऐकू येते. फिल कॉलिन्सचं घर मात्र फुटलेलं नाही: एकदा एकटा, एकदा जेनेसिसबरोबर, दोन्हीकडे हजर.

दुसरी गोष्ट. 'आत्ताची गाणी' म्हणून विकलेल्या या संग्रहात जुनी गाणी किती आहेत! सुरुवातच फिल कॉलिन्स सुप्रीम्सच्या १९६६ च्या गाण्याने करतो. पॉल यंगचं गाणं मार्विन गेने साठच्या दशकात गायलेलं, टीनाचं मूळचं अल ग्रीनचं. 'रेड रेड वाइन' नील डायमंडचं, पण यूबी-फोर्टीने त्याला रेगेच्या संथ ठेक्यावर असं बसवलंय की मूळ गाणंच आता मला उसनं वाटतं. बर्मिंगहॅमचा हा बँड. बेकारभत्त्याच्या अर्जाचा क्रमांक त्यांनी नाव म्हणून घेतला. देशात तीस लाखांवर लोक बेकार असतानाचं ते वर्ष आहे, हे या चकचकीत गाण्यांतून जवळजवळ कुठेच कळत नाही. त्या नावातून तेवढं कळतं.

विविधता म्हणाल तर भरपूर. रॉक स्टेडी क्रूचं ब्रेकडान्सचं गाणं, न्यू एडिशनची पोरं, द क्युअरचं मांजराच्या पावलांनी चालणारं जॅझसारखं काहीतरी, माइक ओल्डफिल्डचं 'मूनलाइट शॅडो'. ते शेवटचं मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. मॅगी रायलीचा आवाज इतका स्वच्छ आहे की गाणं एका खुनाबद्दल आहे हे फार उशिरा ध्यानात येतं.

दोष? मालक कंपन्यांनी आपल्याच ताटात जास्त वाढून घेतलंय. कल्चर क्लब दोनदा, यूबी-फोर्टी दोनदा. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलेलं मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' किंवा 'द पोलिस' या बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' मात्र इथे नाही, म्हणून याला १९८३ चा पूर्ण आरसा समजून घेऊ नका. पुढच्याच वर्षी सीबीएस आणि डब्ल्यूईए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपन्यांनी 'द हिट्स अल्बम' काढून वेगळी चूल मांडली. शिवाय मूळ एलपीची तिसरी बाजू पार ढेपाळते. पीबो ब्रायसन आणि रॉबर्टा फ्लॅकचं प्रेमगीत सकाळी साडेसातच्या ट्रॅफिकमध्ये ऐकणं ही शिक्षाच आहे. चौथ्या बाजूवरचं विल पॉवर्सचं गाणं पहिल्यांदा गंमत म्हणून ठीक, नंतर नाही.

जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत मूळ एलपी अजूनही दिसते. हौस म्हणून जरूर घ्या, पण पहिल्या दोन बाजूंवर आठ-आठ गाणी आहेत. बाजू जितकी लांब तितक्या खाचा दाटीने, आणि मग आवाज बारीक ठेवावा लागतो, बेसही आटतो. 'टेम्प्टेशन' दणक्यात ऐकायचं असेल तर सीडीच घ्या.