शिष्यवृत्ती की ऑलिम्पियाड? ठरवायचं ते जूनमध्येच

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले की शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांची विचारणा होते, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच इंग्रजी शाळांतून खासगी संस्था घेतात त्या ऑलिम्पियाड स्पर्धा परीक्षेचा फॉर्मही दप्तरातून घरी येतो. चौथी-पाचवीच्या मुलाला एकाच वर्षात दोन्ही झेपतात का? माझ्या मते नीट झेपत नाहीत. (मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ज्यांचं काम पाहतं ती राष्ट्रीय ऑलिम्पियाड वेगळी आणि मोठ्या वर्गांची. इथे ती धरलेली नाहीत.)

ऑलिम्पियाड सोयीचं आहे हे मान्य. साधारण तासाभराचा पेपर, बहुधा आपल्याच शाळेत, आणि हवा तो एकच विषय घेता येतो. तर्काचे प्रश्नही चांगले असतात. फी मात्र विषयागणिक वेगळी, आणि भर इंग्रजीवर. त्यामुळे मराठी माध्यमाचं मूल गणित येत असूनही प्रश्नाच्या वाक्यातच अडकतं.

पण आमच्या घरी पारडं झुकलं ते निकालामुळे. हातात टक्केवारी, रँक आणि पदक येतं. कुठला प्रश्न चुकला आणि का, हे निदान आम्हाला तरी कळलं नाही. सगळीकडे तसंच असेल असं म्हणणार नाही, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला रँकचं काय करायचं? त्याला हवी असते आपली चूक.

शिष्यवृत्तीत ती सापडते. राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर आक्षेप घेता येतात, मग अंतिम सूची येते. निकालानंतर गुणपडताळणीचीही सोय आहे. पेपर दोन, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, 90 मिनिटं. पहिल्यात प्रथम भाषा 25 आणि गणित 50 प्रश्न. दुसऱ्यात तृतीय भाषा 25 आणि बुद्धिमत्ता 50. म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात 40 टक्के लागतात.

गुण जातात ते बहुतेकदा दोन ठिकाणी. एक, प्रश्न सोडून दिला पण उत्तरपत्रिकेवरचा गोळा सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. पेनाने रंगवलेला गोळा खोडता येत नाही, म्हणून दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायची सवय सरावातच लावा. दुसरं, गणितात अडून बसणं. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचं. पूर्व माध्यमिक (आठवीच्या) स्तरावर आणखी एक खाच असते: काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात.

सुरुवात कुठून करायची हे पायाभूत चाचणी सांगते. अनुदानित आणि महापालिका शाळांत ती वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर होते: प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पालक तिच्याकडे फारसं बघत नाहीत, हे मला खरंच खटकतं. बाईंना विचारून तो पेपर पाहा. अपूर्णांक कच्चे असतील तर जुलै-ऑगस्ट त्यांनाच द्या, शेकडेवारी आणि नफा-तोटा नंतर. दिवाळीपर्यंत घटकवार सराव, त्यानंतर आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून, आणि चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत.

शिष्यवृत्तीची कटकटही आहे. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला झाली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला आहे. आपल्या मुलाचं वर्ष कोणतं, हे परिषदेच्या अधिसूचनेत पाहूनच ठरवा. अर्ज शाळेच्या लॉगिनमधूनच भरला जातो. सीबीएसईच्या मुलांनाही काही अटींवर बसता येतं, पण वाशी-नेरुळकडच्या अशा शाळांच्या ऑफिसात याची माहिती असेलच असं नाही. म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी विचारा. मुदत टळली की विलंब शुल्क लागतं.

शाळेने अर्ज भरायला नकारच दिला, तर ऑलिम्पियाडचा एकच विषय घ्या, शक्यतो गणित. अर्ज भरला गेला तर मात्र शिष्यवृत्तीच धरा. परीक्षा सहसा फेब्रुवारीतल्या रविवारी असते, तेव्हा केंद्र कळल्यावर ठाणे-वाशी मार्गाचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी तपासून ठेवा.