नव्याचे नऊ दिवस सरल्यावर: २०२४-२५ मधले हेवी मेटल अल्बम

मेटल अल्बमची परीक्षणं बहुतेक वेळा तो बाहेर पडतो त्याच आठवड्यात लिहिली जातात, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या आठवड्यात रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) नवे असतात, आवाज अंगावर येतो, सगळंच भारी वाटतं. खरी परीक्षा चार-सहा महिन्यांनी. तेव्हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावासा वाटतो, की दोन गाणी प्लेलिस्टमध्ये टाकून बाकीचा विसरला जातो? खालचं सगळं या एकाच निकषावर लिहिलं आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' डोळे झाकून घ्या, ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' वेळ काढून ऐका, आणि ओपेथच्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'ला महिनाभर तरी दिल्याशिवाय नावं ठेवू नका.

'इन्व्हिन्सिबल शील्ड' ८ मार्च २०२४ ला आला, हा बँडचा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा होता. वयाकडे बघून सवलत द्यायचा मोह होतो, पण गरज पडत नाही. 'द सर्पंट अँड द किंग'मध्ये तो वरच्या पट्टीतली किंकाळी आणि खालचा जाडसर आवाज आलटून पालटून वापरतो, आणि दोन्ही ठिकाणी शब्द स्पष्ट कळतात. 'पॅनिक अटॅक' सुरू होतं ते गिटार-सिंथच्या आवाजाने, त्यामुळे त्यांच्याच १९८६ च्या 'टर्बो' अल्बमची आठवण होते आणि जुना चाहता क्षणभर धसकतो. पुढे स्कॉट ट्रॅव्हिसचे ड्रम घुसले की शंका मिटते.

हा अल्बम टिकतो तो वेगामुळे नाही. वेगवान गाणी पहिल्याच दिवशी पाठ होतात. टिकवतात ती मधली गाणी: 'डेव्हिल इन डिस्गाइज', 'गेट्स ऑफ हेल', 'क्राउन ऑफ हॉर्न्स'. सुरुवातीला ही भरतीची वाटतात, कारण दोन धावत्या गाण्यांच्या मध्ये मध्यम लय कानाला संथ लागते. नंतर लक्षात येतं की गिटारिस्ट रिची फॉकनरचे सोलो तोंडाने गुणगुणता येतात, म्हणजे ते नुसते बोटांचे व्यायाम नाहीत, त्यांना चाल आहे. शीर्षकगीत सहा मिनिटांच्या वर जातं, पण मधला भाग बदलत राहतो म्हणून लांबी जाणवत नाही. 'एस्केप फ्रॉम रिअ‍ॅलिटी' जड आणि संथ, ब्लॅक सॅबथच्या वळणाचं. 'जायंट्स इन द स्काय'च्या मध्ये अकूस्टिक गिटारचा तुकडा येतो आणि अल्बमला तिथे खरा श्वास मिळतो.

आता खोट. इयन हिलचा बास या बँडमध्ये नेहमीच गिटारच्या मागे दडलेला असतो. इथेही लहान स्पीकरवर तो शोधूनच काढावा लागतो. अँडी स्नीपच्या निर्मितीत किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) 'टिक' टोकदार आहे. 'सन्स ऑफ थंडर' नसतं तरी चाललं असतं. डिलक्स आवृत्तीत तीन गाणी जास्त आहेत, त्यातलं 'द लॉजर' हे बॉब हॅलिगन ज्युनियरचं. बँडच्या १९८२ च्या अल्बममधलं '(टेक दीज) चेन्स' लिहिणारा तोच. नाटकी, संथ गाणं आहे, मुख्य अल्बमच्या प्रवाहात ते बसलं नसतं. सलग ऐकायचं तर मूळ ११ गाण्यांवर थांबा, बोनस वेगळ्या दिवशी.

त्या 'टिक'वरून एक मुद्दा सांगायलाच हवा, कारण 'अल्बम चांगला आहे पण अर्ध्यातच कंटाळा येतो' ही तक्रार बऱ्याचदा संगीताची नसते, मास्टरिंगची (आवाजावर शेवटचा हात फिरवायच्या पायरीची) असते. आजचे बरेच मेटल अल्बम उणे ८ एलयूएफएसच्या (आवाजाची सरासरी पातळी मोजायच्या एककाच्या) आसपास किंवा त्याहून मोठ्या आवाजात मास्टर केलेले असतात. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४ च्या पातळीवर आणतं. म्हणजे अल्बम सहा-सात डेसिबलने खाली येतो, आणि मास्टरिंगच्या दाबाखाली ड्रमचे जे फटके आधीच सपाट झालेत ते तसेच सपाट राहतात. श्रोता मग आवाज वाढवतो. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सर्वांत तिखट असतो, आणि किकचा टिक, क्रॅश सिंबल, गिटारची धार हे सगळं तिथेच गोळा झालेलं असतं. कान विटतात ते यामुळे.

उपाय साधे आहेत. इक्वलायझरमध्ये ३ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा, त्याहून जास्त नको, नाहीतर गिटारची धारच जाते. 'बास बूस्ट' बंद ठेवा. डबल बासच्या (दोन पायांनी वाजवलेल्या किक ड्रमच्या) वेगात तो सगळ्याचा चिखल करतो. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर ठेवा आणि गॅपलेस प्लेबॅक (गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू. एसबीसी या साध्या कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये सिंबल पाण्यात भिजल्यासारखे ऐकू येतात. वायरचा हेडफोन असेल तर फरक लगेच कळतो. आणि आवाजाची मर्यादा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम पाच तास उरतात. मेटल ऐकणाऱ्याने हे गणित फोनच्या आवाजाच्या पट्टीवर मनातल्या मनात कोरून ठेवावं.

ब्लड इन्कँटेशनसाठी ही सेटिंग्ज नुसती सोय नाहीत, गरज आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'मध्ये दोनच रचना आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकी तीन भागांत. दोन्ही मिळून सुमारे ४३ मिनिटं. डेन्व्हरचा हा डेथ मेटल बँड त्यासाठी बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेला. पहिल्या रचनेच्या दुसऱ्या भागात टँजरिन ड्रीमचा थॉर्स्टन क्वेशनिंग सिंथवर आहे, आणि तो पाहुण्यासारखा येऊन जात नाही, पूर्ण भागच त्याच्या अंगाने वाहतो. भाग तोडून शफलवर लावलात तर अल्बमचा बट्ट्याबोळ होतो. त्याचं एक तांत्रिक कारणही आहे: अल्बम सलग लावला की आवाजाची पातळी पूर्ण अल्बमला एकत्र लावली जाते, शफलमध्ये ती गाण्यागणिक लागते, त्यामुळे शांत सिंथचा भाग फुगतो आणि पाठोपाठ येणारा ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) दबतो. जो धक्का बँडने बांधला तोच निघून जातो.

जवळून ऐकायचं असेल तर जेफ बॅरेटच्या फ्रेटलेस (पट्ट्या नसलेल्या) बासवर कान ठेवा. मेटलमध्ये बास बहुधा गिटारची सावली असतो. इथे तो स्वरांच्या मधल्या जागेतून घसरत जातो आणि 'द मेसेज'च्या मधल्या भागात, जिथे गाणं सरळ सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये जातं आणि गायक साध्या गळ्याने गातो, तिथे सगळा तोल त्याच्यावर आहे. डेथ मेटलमध्ये नवखे असाल तर ग्रोलमधले (घोगऱ्या, गुरगुरत्या गायकीतले) शब्द पकडायच्या मागे लागू नका. पहिल्या काही वेळा ड्रमर आयझॅक फॉकच्या राइड सिंबलवर लक्ष ठेवा, लय कुठे दुप्पट होते आणि कुठे निम्मी होते ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. एक नाराजी: शैलीतून शैलीत उडी मारताना काही जोड उघडे दिसतात. 'द स्टारगेट'च्या सुरुवातीलाच एक-दोन वळणं अशी आहेत की दोन वेगळी गाणी चिकटवल्यासारखी वाटतात. सवयीने ती खुपेनाशी होतात, पण जोड दिसतात ते दिसतातच.

ओपेथचा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ चा. गायक मिकाएल ओकरफेल्टचे ग्रोल २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर पहिल्यांदाच परत आले, आणि चर्चा तेवढ्यावरच अडकली. अल्बमची गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली: घराचा कर्ता गेला आहे, मृत्युपत्राचं वाचन चाललं आहे, आणि एकेक गुपित बाहेर येतं. शेवटचं सोडून सर्व गाण्यांना नावं नाहीत, फक्त परिच्छेदाचे क्रमांक आहेत. म्हणून 'आवडलेलं गाणं' असं तोडून लक्षात ठेवता येत नाही आणि पहिल्या काही वेळा हाती काहीच लागत नाही. जेथ्रो टलचा इयन अँडरसन निवेदन करतो आणि चौथ्या परिच्छेदात बासरीही वाजवतो. दुसऱ्यात युरोप बँडचा जोई टेम्पेस्ट आहे. गीतांचा मजकूर समोर ठेवून एकदा पूर्ण ऐका, मग महिनाभर मजकुराशिवाय. ग्रोल आणि साधा गळा एकाच कडव्यात का बदलतो हे कळतं तेव्हा, त्याआधी तो नुसता चमत्कार वाटतो. 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' हे शेवटचं गाणं सोपं, सुरेल आहे. फक्त ते आधी ऐकू नका, गोष्टीचा शेवट फुटतो.

आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्या 'द मँड्रेक प्रोजेक्ट'बद्दल थोडक्यात. २००५ नंतरचा त्याचा पहिला सोलो अल्बम, मार्च २०२४. 'आफ्टरग्लो ऑफ रॅग्नारोक' आणि 'रेन ऑन द ग्रेव्ह्ज' अजूनही लागतात. 'इटर्निटी हॅज फेल्ड' हे आयर्न मेडनच्या २०१५ च्या अल्बममध्ये थोड्या वेगळ्या नावाने येऊन गेलेलं गाणं. मेडनचीच आवृत्ती सरस. शेवटचं 'सोनाटा' दहा मिनिटांच्या घरात जातं आणि त्यातली निम्मी मिनिटं वातावरणनिर्मितीत खर्च होतात. ज्यांना आवाजाचा अभिनय आवडतो त्यांनी घ्यावा, ज्यांना रिफ हवेत त्यांनी निवडक ऐकावा.

लांबी हाच बऱ्याच अल्बमचा घात आहे. थोडा आधीचा, मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' (एप्रिल २०२३) ७७ मिनिटांचा. त्यातली 'लक्स इटर्ना' आणि शेवटचं अकरा मिनिटांचं 'इनामोराटा' उत्तम, मधली तीन-चार गाणी काढली असती तर हा गेल्या तीस वर्षांतला त्यांचा सर्वांत घट्ट अल्बम ठरला असता. ड्रीम थिएटरचा 'पॅरासोम्निया' (फेब्रुवारी २०२५) ७१ मिनिटांचा, माइक पोर्टनॉय २००९ नंतर पहिल्यांदा ड्रमवर. इथे लांबी खुपते ती कमी, कारण पोर्टनॉयचे फिल (ओळींच्या मधले ड्रमचे छोटे तुकडे) गाण्याला पुढे ढकलतात. शेवटची एकोणीस मिनिटांची रचना मात्र वेगळी बसून ऐका, सत्तर मिनिटांच्या शेपटाला तिला न्याय मिळत नाही.

उलट टोकाला नॉक्ड लूज हा बँड. मे २०२४ चा अल्बम, दहा गाणी, २७ मिनिटं. गायक ब्रायन गॅरिसचा कर्कश आवाज न झेपणारे पहिल्या मिनिटालाच पळतील, त्यांना अडवू नये. जे थांबतील त्यांनी गायिका पॉपीसोबतचं 'सफोकेट' नीट ऐकावं: शेवटाकडे ब्रेकडाउनच्या (लय अचानक जड आणि संथ होते त्या भागाच्या) जागी चक्क रेगेटॉनचा (लॅटिन नृत्यसंगीताचा) ठेका येतो आणि गाणं तरीही हलकं पडत नाही. हा अल्बम दिवसातून एकदाच, लागोपाठ दोनदा कधीच नाही. दुसऱ्या फेरीत कान बधिर होतो आणि सगळी गाणी एकसारखी वाटायला लागतात.

हाय ऑन फायरचा 'कमेथ द स्टॉर्म' (एप्रिल २०२४) कमी चर्चेत राहिला, आणि या यादीतला माझ्या मते सर्वांत अन्याय झालेला हाच. कर्ट बलूची निर्मिती, त्यामुळे गिटार खरखरीत पण ड्रममध्ये हवा आहे. नवा ड्रमर कोडी विलिस टॉम ड्रमवर सतत खेळत राहतो. बासवादक जेफ मॅट्झ इथे तुर्की तंतुवाद्य बाग्लामा वाजवतो, ते 'कारान्लक योल'मध्ये स्वच्छ ऐकू येतं. मोठ्या स्पीकरवर लावा, इअरबड्समध्ये खालचा भाग गळून पडतो.

घोस्टचा 'स्केलेटा' (एप्रिल २०२५) बिलबोर्ड २०० वर पहिल्या क्रमांकावर गेला. हार्ड रॉकला नव्याने येणाऱ्यासाठी याहून सोपा दरवाजा नाही. 'अम्ब्रा'मधली काउबेल आणि पुढे गिटार-कीबोर्डची जुगलबंदी निव्वळ मजा आहे. पण दोन महिन्यांत अल्बम पुरता उलगडतो आणि पुढे नवं काही देत नाही. स्लेअर बँडचा गिटारिस्ट केरी किंग याचा 'फ्रॉम हेल आय राइज' स्लेअर ज्यांना कमी पडतो त्यांच्यासाठी. इतरांनी मूळ स्लेअरकडेच जावं.

रेकॉर्ड घेणार असाल तर एका बाजूला किती मिनिटं आहेत ते आधी बघा. १८ ते २२ मिनिटं ठीक. त्यापुढे खोबणी बारीक कापावी लागते, आवाजाची पातळी आणि बास दोन्ही खाली येतात. शिवाय सुई आतल्या कड्याकडे सरकते तसा खोबणीचा वेग कमी होतो आणि सिंबल फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी सर्वांत गजबजलेलं गाणं असलेली रेकॉर्ड टाळलेली बरी. 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'ची विभागणी मुळातच एका बाजूला एक रचना अशी आहे, त्यामुळे रेकॉर्डवर पैसे घालायचेच असतील तर आधी त्यावर घाला. 'इन्व्हिन्सिबल शील्ड' सीडीवर किंवा लॉसलेस फाइलमध्ये घेतला तरी काही गमावत नाही.