क्वार्टरबॅक पहिल्याच राऊंडला उचलायचा की थांबायचं? एका ब्राउन्सवाल्याचा हिशोब

दरवर्षी एप्रिल उजाडला की साडूचा फोन येतो आणि तोच वाद सुरू होतो. तो न्यू जर्सीत, जेट्सवाला, मी ओहायोत, क्लीव्हलँडच्या ब्राउन्सवाला, म्हणजे दोघंही एनएफएलमधले (अमेरिकन फुटबॉलची लीग) कायमचे रडके. त्याचं म्हणणं, ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधून येणारी नवी पोरं टीम्सनी वाटून घ्यायचा कार्यक्रम) पहिल्या पाचात नंबर लागला तरी क्वार्टरबॅकला (बॉल फेकून अटॅक चालवणारा) हात लावू नका, आधी लाइन (त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवणारे) बांधा. माझं म्हणणं वेगळं आहे पण ते फोनवर दोन मिनिटांत बसत नाही, म्हणून इथे लिहितोय. तुमच्या टीमचा नंबर वर असेल आणि तुमचं ठरत नसेल तर वाचा.

नवीन बघणाऱ्यांसाठी एवढंच, की हे आयपीएलचं ऑक्शन नाही. बोली नाही, ३२ टीम, ७ राऊंड, आणि मागच्या सीझनला जो सगळ्यात खाली तो सगळ्यात आधी उचलणार. त्यामुळे पिक, म्हणजे खेळाडू उचलायची ती पाळी, हाच पैसा. तो क्वार्टरबॅकवर घातलात की त्याच पिकमध्ये येणारा टॅकल (लाइनवरचा माणूस) किंवा पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) गेला.

लवकर घेण्याच्या बाजूने सगळ्यात दणकट मुद्दा पगाराचा आहे, टॅलेंट वगैरे नंतर. २०१० ला रॅम्सने सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या नंबरवर घेतलं तेव्हा ६ वर्षांचे ७.८ कोटी डॉलर, त्यातले ५ कोटी गॅरंटीड, आणि पोराने अजून एनएफएलमध्ये एक बॉलसुद्धा फेकलेला नव्हता. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि कॅम न्यूटन पहिल्या नंबरवर आला तो ४ वर्षांच्या साधारण २.२ कोटीत. म्हणजे आता नेम चुकला तरी दिवाळं निघत नाही, आणि लागला तर चार वर्षं (पहिल्या राऊंडवाल्याला टीमच्या मर्जीने पाचवंही) क्वार्टरबॅक स्वस्तात पडतो. बाहेरचा भाव बघा, २०२४ ला डॅलसच्या क्वार्टरबॅकला, डॅक प्रेस्कॉटला, वर्षाला सरासरी ६ कोटी मिळाले आणि त्या वर्षी एका टीमची अख्खी पगारमर्यादा होती २५.५४ कोटी. उरलेल्यात बाकीचे ५२ जण बसवा.

शिवाय चांगले पटापट संपतात. २०२४ ला पहिल्या १२ पिकमध्येच ६ क्वार्टरबॅक गेले.

यावर साडू लगेच टॉम ब्रेडी काढतो. २०००, सहावा राऊंड, १९९ वा नंबर, ७ सुपर बोल (लीगची फायनल) जिंकलेला. मग ब्रॉक पर्डी, २०२२, २६२ वा, म्हणजे ड्राफ्टमधला अगदी शेवटचा. मला ही उदाहरणं कधीच पटली नाहीत. अरे राव, ज्या पॅट्रिअट्सने ब्रेडीला घेतलं त्यांनीही त्याला आधी पाच राऊंड सोडलंच होतं ना? तो प्लॅन नव्हता, लागलेली लॉटरी होती. आणि पर्डीच्या टीमने तर आदल्याच वर्षी ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी तीन पहिल्या राऊंडची पिक मोजली होती, तो तिकडे ४ मॅच स्टार्ट झाला आणि शेवटी चौथ्या राऊंडच्या एका पिकवर डॅलसला गेला. एवढा मोठा घाटा पचला कारण बाकी टीम तगडी होती. तुमची आहे का तशी?

आणि इथेच साडूचा दुसरा मुद्दा मला खोडता येत नाही. २००२ ला ह्यूस्टनची टेक्सन्स नवी कोरी टीम होती, त्यांनी डेव्हिड कारला पहिला उचलला आणि पुढे उभं राहायला धड कुणी नव्हतंच. एका सीझनमध्ये ७६ सॅक, म्हणजे बॉल हातात असतानाच आडवा! १६ मॅच, म्हणजे दर मॅचला जवळपास पाच वेळा माणूस जमिनीवर. त्यानंतर पोराला बॉल हातात आला की रिसीव्हर (पास झेलणारा) दिसणार की अंगावर येणारे दिसणार? साडूच्या घरचंच उदाहरण सॅम डार्नल्ड. २०१८ चा तिसरा पिक. ऑक्टोबर २०१९, सोमवारची रात्र, पॅट्रिअट्सकडून ३३-० ने हार, चार इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), आणि साइडलाइनवर बसलेला असताना माइकमध्ये पकडला गेला, मला भुतं दिसतायत म्हणाला. साडू तेव्हा हसलाही नाही, नुसता टीव्हीकडे बघत बसला. पुढे जेट्सने त्याला काढून २०२१ ला दुसऱ्या पिकवर झॅक विल्सन आणला, तो डार्नल्डपेक्षा लवकर गंडला. आणि डार्नल्ड? २०२४ ला मिनेसोटात त्याच माणसाने १४ मॅच जिंकल्या. पोरगं तेच, घर बदललं.

आता आमची कहाणी. ब्राउन्सने २००७ ला ब्रेडी क्विन घेतला, नंबर २२. २०१२ ला ब्रँडन वीडन, नंबर २२, वय २८. २०१४ ला जॉनी मॅनझिल, परत नंबर २२. तिन्ही वेळा तोच आकडा, मी काही बनवून सांगत नाहीये. क्लीव्हलँडमध्ये कुणीतरी टिम काऊच या आमच्या जुन्या क्वार्टरबॅकच्या जर्सीवर त्याच्यानंतर आलेल्या क्वार्टरबॅकच्या नावांच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवत गेलं होतं, त्याची गंमत बाहेरच्यांना, आम्हाला नाही. हे तिघंही 'आपल्याकडे क्वार्टरबॅक नाही म्हणून' घेतलेले, आणि वर्ष-दोन वर्षांत सगळं सुधारा ही अपेक्षा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

तरी 'उशिराचा पहिला राऊंड वाईट' असं समजू नका. पुढे स्टार झालेला ॲरन रॉजर्स २४ वा होता, २००५ ला, आणि जुन्या ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं बसला. तसाच गाजलेला लमार जॅक्सन ३२ वा. पॅट्रिक महोम्ससाठी २०१७ ला चीफ्स दुसऱ्या टीमशी पिकची अदलाबदल करून २७ वरून १० वर चढले, पुढच्या वर्षीचा पहिला राऊंडही देऊन टाकला, आणि एवढं करून पोराला वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवलं, शेवटची एक मॅच फक्त दिली. घरात जेवण तयार असताना बाजारात गेलं की माणूस नीट निवडून आणतो, एवढाच फरक. बसवलंच पाहिजे असंही नाही हां, सी. जे. स्ट्राउड २०२३ ला पहिल्या दिवसापासून खेळला आणि त्याच सीझनला टेक्सन्सला प्लेऑफची मॅच जिंकून दिली.

चढून घ्यायचं म्हणत असाल तर एकदा पँथर्सकडे बघा. ब्राइस यंग या क्वार्टरबॅकसाठी २०२३ ला पहिला नंबर मिळवायला त्यांनी बेअर्सना दिलं काय काय तर नववा पिक, दुसऱ्या राऊंडचे दोन, डी. जे. मूरसारखा रिसीव्हर आणि २०२४ चा पहिला राऊंड. टीम इतकी पडली की तो २०२४ चा पिक अख्ख्या ड्राफ्टमधला पहिला निघाला आणि बेअर्सनी त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला. तेव्हा स्वतःचा नंबर वर आलाय, कोच निदान दोन-तीन वर्षं टिकणार आहे, लाइनवर तीन तरी धड माणसं आहेत आणि पोरगा खरंच आवडलाय, तर घ्या, साडूचं ऐकू नका. यातलं लाइनचं जमत नसेल तर आधी टॅकल घ्या, वर्षभर एखादा जुना खेळाडू ठेवून काढा. आणि त्या वर्षी क्वार्टरबॅकच फुसके असतील, २०२२ सारखे, पहिल्या राऊंडला एकटा केनी पिकेट गेला तसे, तर कितीही गरज असू दे, नको.

टीम आधीच तयार असेल तर ड्राफ्ट सोडूनच द्या. रॅम्सने २०२१ ला दोन पहिले राऊंड, वर एक तिसरा आणि आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ देऊन मुरलेला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आणला आणि त्याच सीझनला सुपर बोल मारला. पण हे फुलटॉस बघून मारायचं काम आहे, आम्ही २०२२ ला डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिले राऊंड आणि २३ कोटी गॅरंटीड देऊन बसलो, त्यावर मी बोलत नाही.

२०२५ ला ब्राउन्सने दुसरा पिक जॅक्सनव्हिलला देऊन टाकला, पाचव्यावर डिफेन्सचा माणूस घेतला आणि क्वार्टरबॅक घेतले ते तिसऱ्या आणि पाचव्या राऊंडला, एक नाही दोन. त्या रात्री साडूचा मेसेज आला, 'ऐकलं शेवटी माझं'. मी विचारलं, दोन कशाला मग? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.